गिअर अडकला? आधी ब्रेकचा दिवा पाहा

लोणावळा - पावसाळ्यातील शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींच्या लांबच लांब रांगा लागतात. अशा गर्दीत कडेला उभी केलेली एखादी ऑटोमॅटिक मोटार परत निघताना जागची हलत नाही. इंजिन सुरू असते, चालकाचा पाय ब्रेकवर असतो. पण गिअरचा दांडा 'पी', म्हणजे पार्कमधून सुटत नाही. मॅन्युअल गिअरच्या मोटारीप्रमाणे तिला धक्का देऊन चालत नाही. मागे हॉर्न वाजू लागतात आणि 'गिअरबॉक्स गेला' असा निष्कर्ष काढून चालक मोकळा होतो. प्रत्यक्षात अशा वेळी दोष अनेकदा गिअरबॉक्समध्ये नसतोच. तो असतो ब्रेकच्या पेडलमागे बसविलेल्या अंगठ्याएवढ्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये.

ऑटोमॅटिक मोटारींचा वापर आता केवळ महागड्या गाड्यांपुरता राहिलेला नाही. २०१४ मध्ये मारुती सुझुकीने 'सेलेरिओ'मधून कमी किमतीचे एएमटी तंत्र भारतीय बाजारात आणले आणि क्लचविना गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मात्र तिचे बिघाड मॅन्युअल मोटारीपेक्षा वेगळ्या रीतीने प्रकट होतात, याची माहिती अद्याप सर्वांपर्यंत पोहोचलेली नाही.

एक स्विच, अनेक कामे

पेडल दाबले की हा स्विच विद्युतप्रवाह जोडतो आणि मागचे लाल दिवे लागतात, एवढेच त्याचे काम पूर्वी असे. ऑटोमॅटिक मोटारीत हाच संकेत आणखी काही ठिकाणी जातो. 'पी'मध्ये अडकविलेल्या दांड्याचे कुलूप एक छोटे विद्युतचुंबकीय यंत्र, म्हणजे सोलेनॉइड, उघडते. ब्रेक दाबल्याची खात्री पटल्याविना ते हलत नाही. बटणावर सुरू होणाऱ्या मोटारी या संकेताशिवाय सुरू होत नाहीत. क्रूझ कंट्रोल बंद करणे, उतारावर खालचा गिअर निवडणे यासाठीही अनेक मोटारींत तोच वापरला जातो.

या कुलपामागे इतिहास आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात ऑडी ५००० ही मोटार चालकाच्या मनाविरुद्ध अचानक वेग घेते, अशा तक्रारींचा गदारोळ झाला. कंपनीने १९८७ मध्ये गाड्या परत बोलावून त्यांना गिअरचे कुलूप बसविले. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडणे हेच मुख्य कारण असल्याचा निष्कर्ष तेथील सरकारी यंत्रणेने १९८९ मध्ये काढला. ब्रेकवर पाय असल्याशिवाय गाडी गिअरमध्ये पडू नये, हा नियम पुढे सर्वत्र रूढ झाला.

चार लक्षणे, चार दिशा

निदानाची सुरुवात कोणत्याही उपकरणाविना करता येते. मोटारीमागे एकाला उभे करावे आणि पेडल दाबावे. सोबत कोणी नसल्यास दुकानाच्या शटरवर किंवा भिंतीवर लाल उजेड पडतो का, हे आरशात पाहावे.

दिवेही लागत नाहीत आणि दांडाही सुटत नाही, असे असेल तर दोष दोन्ही कामांच्या सामाईक वाटेवर आहे : फ्यूज, स्विच किंवा त्याला येणारा वीजपुरवठा. दिवे लागतात, पण दांडा अडकलेलाच आहे, असे असेल तर स्विचचा तो भाग ठीक आहे. संशय सोलेनॉइडवर, त्याच्या वायरीवर किंवा स्विचच्या दुसऱ्या जोडणीवर घ्यावा. दांडा सुटतो, पण दिवे नाहीत, तर बल्ब, होल्डर आणि अर्थिंग तपासावे. पाय काढल्यावरही दिवे जळतच राहतात, तर पेडलला लावलेले छोटे रबरी किंवा प्लॅस्टिकचे बटण झिजून गळून पडले असण्याची शक्यता मोठी. या चौथ्या दोषात रात्रभर हॉटेलच्या आवारात उभ्या मोटारीची बॅटरी सकाळी उतरलेली असते. शिवाय किल्ली चालू असताना ब्रेक न दाबताही दांडा 'पी'तून निघू शकतो. गाडीत लहान मूल असेल आणि गाडी उतारावर असेल, तर ही बाब गंभीर आहे.

डोंगराळ मुलखात आणखी एका गोष्टीने फसगत होते. टायगर पॉइंटसारख्या ठिकाणी चढावर हँडब्रेक न ओढता केवळ 'पी'मध्ये गाडी ठेवली, तर तिचा सारा भार गिअरबॉक्समधील एका खिट्टीवर येतो आणि दांडा जड होतो. बटण दाबले जाते, पण दांडा जोर लावल्यावर धक्क्यानिशी निघतो, असे असेल तर तो विजेचा दोष नव्हे. आधी पाय ब्रेकवर, मग हँडब्रेक आणि शेवटी 'पी', हा क्रम पाळला की ही अडचण येत नाही.

मेकॅनिकने काय तपासावे

पहिली पाळी फ्यूजची. ब्रेक लाइटचा फ्यूज सामान्यतः १० किंवा १५ अँपिअरचा असतो. तो उडालेला असेल तर नवा घालून काम संपत नाही. तो का उडाला, हे शोधावे लागते. मावळच्या पावसात मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी शिरले, तर तेथे शॉर्टसर्किट होऊन फ्यूज उडतो आणि गाडीच्या मागच्या टोकाचा दोष पुढच्या गिअरच्या दांड्यावर दिसतो. अशा वेळी अधिक अँपिअरचा फ्यूज घालणे म्हणजे वायरिंग जळण्यास निमंत्रण होय.

फ्यूज ठीक असल्यास स्विचच्या जोडणीवर टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावावा. साध्या पद्धतीच्या स्विचमध्ये एका टोकाला बॅटरीचे सुमारे १२ व्होल्ट कायम हवेत. ते नसतील तर दोष स्विचच्या आधी आहे. ते आहेत, पण पेडल दाबूनही दुसऱ्या टोकाला येत नाहीत, तर स्विच बिघडला आहे किंवा जागेवरून सरकला आहे. दोन्हीकडे व्होल्ट मिळत असतील तर दोष पुढे आहे. पेडल दाबलेले असताना दोन टोकांमधील फरक जवळजवळ शून्य असावा. तो लक्षणीय असेल तर आतील संपर्क जळाले आहेत, असे समजावे.

नव्या मोटारींत काही ठिकाणी साध्या स्विचऐवजी सेन्सर असतो. तेथे स्कॅनर जोडून पेडल दाबताच संकेत बदलतो का, हे पाहावे लागते. पी०५७१, पी०५०४ किंवा पी०७०३ असे कोड आले तरी लगेच स्विच बदलू नये. हे कोड सर्किटमध्ये गडबड आहे, एवढेच सांगतात. ती कोठे आहे, हे मीटरच ठरवितो.

दोष केवळ जुन्या वा निष्काळजीपणे वापरलेल्या गाड्यांत असतो, असेही नाही. एप्रिल २०१३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत याच स्विचसाठी १६ लाखांहून अधिक मोटारी परत बोलाविल्या होत्या. दांडा 'पी'मधून न सुटणे हे तेव्हा सांगितलेल्या लक्षणांपैकी एक होते. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने सुमारे २४ लाख मोटारी परत बोलाविल्या. तेथे दोष स्विचचा नव्हता, तर वायरिंगच्या जोडणीत धरलेल्या गंजाचा होता.

दांडा सुटला, धोका टळला नाही

अनेक मोटारींत गिअरच्या दांड्याशेजारी एक छोटे झाकण असते. हँडब्रेक ओढून, पाय ब्रेकवर ठेवून, झाकणाखालील कळ किल्लीने दाबली की दांडा 'एन'मध्ये आणता येतो. इलेक्ट्रॉनिक गिअरच्या गाड्यांत ही सोय वेगळी असते आणि काही एएमटी मोटारींत 'पी' हा टप्पाच नसतो. म्हणून गाडीसोबतची पुस्तिका पाहणे आवश्यक आहे. गाडी ओढून नेण्याची वेळ आलीच, तर इंजिनाने फिरणारी चाके रस्त्यावर घासत नेऊ नयेत, त्याने गिअरबॉक्सचे खरोखर नुकसान होते. संपूर्ण गाडी उचलणारे वाहन मागवावे.

खरी चूक या टप्प्यावर घडते. दांडा सुटला म्हणून चालक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि थेट खंडाळ्याचा घाट उतरू लागतो. स्विच बिघडला तरी गाडीचे ब्रेक लागतात, हे खरे. परंतु ते लागल्याचे मागच्या चालकाला कळत नाही. घाटात धुके दाटलेले असताना मागून येणाऱ्या ट्रकचालकाला सावध करणारी खूण म्हणजे हे लाल दिवेच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसारही ते चालू असणे बंधनकारक आहे. शिवाय या संकेताअभावी उतारावर खालचा गिअर आपोआप पडेलच, याचीही खात्री उरत नाही.

त्यामुळे दांडा हाताने सोडवून काढलेली मोटार लोणावळ्यातील जवळच्या गॅरेजपर्यंत, धोक्याचे चारही दिवे लावून, सावकाश न्यावी आणि ब्रेकचे दिवे पुन्हा लागल्याशिवाय घाटाकडे वळवू नये. गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरविण्याची भाषा सुरू झाली, तर त्याआधी फ्यूज आणि स्विच आपल्यासमोर तपासून घेण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा. त्याला फार वेळ लागत नाही आणि मोठा खर्च वाचू शकतो.