दार एकच, आणि दारात मुंबई

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्याला लागलं, की संध्याकाळी एखाद्या मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलची मॅच रंगलेली दिसते. त्यातल्या दोघातिघांच्या अंगात हमखास मुंबईची निळी जर्सी. पुण्याच्या हद्दीत, राजरोस! पोरांना त्यात काही वावगं वाटत नाही. माझ्या वयाच्या पुणेकराच्या मात्र पोटात जुनं काहीतरी ढवळतं. त्या ढवळण्याचं मूळ आयपीएलमध्ये नाही, रणजी करंडकात आहे.

आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो: 1958-59 ते 1972-73, सलग पंधरा वर्षे मुंबई विजेती. थोडं मागेपुढे सरकून पाहिलं तर हिशेब आणखी बोचतो. 1955-56 ते 1976-77 या बावीस हंगामांत मुंबईने वीस वेळा करंडक नेला. मधले दोन सुटले ते 1957-58 मध्ये बडोद्याला आणि 1973-74 मध्ये कर्नाटकाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जगात अशी मक्तेदारी इतरत्रही होती. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यांकीजने 1949 ते 1953 सलग पाच वेळा जागतिक मालिका जिंकली. इंग्लंडमध्ये सरेने 1952 ते 1958 सात वर्षे कौंटी विजेतेपद सोडलं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने 1953-54 पासून नऊ वेळा शेफील्ड शील्ड राखली. पाच, सात, नऊ; आणि मुंबई पंधरा. यांकीजचा द्वेष करणाऱ्या अमेरिकन माणसाबद्दल मला आपुलकी वाटते, पण त्याचं दुःख आमच्या एक तृतीयांशच.

पुणं पहिल्यापासून असं हरणारं नव्हतं. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर महाराष्ट्राचे (रणजीत पुण्याचा संघ तो हाच) कर्णधार असताना 1939-40 आणि 1940-41 असे लागोपाठ दोन करंडक इथे आले. त्यातल्या दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध देवधरांनी 246 धावा केल्या, वय वर्षे 48. मग 1948-49 चा हंगाम. त्या वर्षी भाऊसाहेब निंबाळकर पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद 443 वर होते. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम हाकेच्या अंतरावर असताना काठेवाडने सामनाच सोडून दिला. त्याच हंगामात उपांत्य सामन्याला मुंबई पुण्यात आली. सात दिवस खेळ, नऊ शतकं. मुंबई 651 आणि 8 बाद 714 डाव घोषित, महाराष्ट्र 407 आणि 604. माधव मंत्रींचं द्विशतक, दत्तू फडकर आणि उदय मर्चंट यांची दोन्ही डावांत शतकं. आमच्याकडून रेगे यांचीही दोन्ही डावांत. एकूण 2376 धावा, प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातला आजही न मोडलेला विक्रम. आणि महाराष्ट्र 354 धावांनी पराभूत. दुसऱ्या डावात सहाशेवर धावा करूनही साडेतीनशेने हरायचं, हा अनुभव पुणेकराशिवाय कुणाच्या गाठीशी असेल असं वाटत नाही.

पण खरी गोची पुढे झाली, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. 1957-58 पासून स्पर्धा विभागवार साखळीत गेली. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. आणि विभागातून पुढे जाणार फक्त एक संघ. म्हणजे दार एकच, आणि त्या दारात मुंबई उभी. राजस्थानकडे पाहा. 1960-61 ते 1969-70 या दहा वर्षांत तो संघ सात वेळा अंतिम सामन्यात मुंबईकडून हरला. 1966-67 च्या अंतिम सामन्यात हनुमंतसिंगने दोन्ही डावांत शतकं काढली, त्यातलं एक द्विशतक, तरी करंडक मुंबईलाच. राजस्थानच्या त्या झुंजीचं आजही कौतुक होतं. आम्हाला तर हरायलासुद्धा अंतिम सामना मिळत नव्हता.

माणसंही निसटत होती. पुण्याचा चंदू बोर्डे बडोद्याकडे गेला, महाराष्ट्राकडे परतला तो 1964 च्या सुमारास. नाशिकचा बापू नाडकर्णी महाराष्ट्राकडून वाढला आणि 1960 च्या सुमारास मुंबईकर झाला. पुढे 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्याने सलग 21 निर्धाव षटकं टाकली, तेव्हा टाळ्या मुंबईच्या खात्यात जमा झाल्या. यात बापूचा दोष नाही. मुंबईत टाटा, एसीसी, मफतलाल, निरलॉन, स्टेट बँक खेळाडूला नोकरी देत, दुपारी मैदानावर सोडत, आणि टाइम्स शील्डमध्ये एकमेकांशी जीव तोडून भांडत. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निरलॉनमध्ये. पेन्शनीत निघालेल्या पुण्याकडे त्या तोडीच्या कंपन्या तेव्हा कुठे होत्या?

आणि कांगा लीग! 1948 साली सुरू झालेली ही स्पर्धा ऐन पावसाळ्यात खेळतात. ओली खेळपट्टी, सीमारेषेपर्यंत घोट्याएवढं गवत, त्यामुळे जमिनीलगत मारलेला सुंदर फटका वीस यार्डांवर रुतून बसतो. तिथे पंचवीस धावा काढणारा कुठेही शंभर काढतो, असं मुंबईकर सांगतात, आणि नाइलाजाने मान्य करावं लागतं की खरं सांगतात. शिवाजी पार्क जिमखाना विरुद्ध दादर युनियन हा क्लबांचा सामना रणजीच्या सामन्यापेक्षा कडवा असायचा. या सगळ्यातून जो स्वभाव घडला त्याला ते स्वतःच ‘खडूस’ म्हणतात. पुण्यात ही शिवी समजतात, तिकडे पदवी. पहिल्या डावात आघाडी घ्यायची, मग तासन्‌तास बॅट न हलवता समोरच्याला उन्हात वाळवायचं. दिलीप सरदेसाई मूळचा मडगावचा, पण मुंबईत शिरून इतका खडूस झाला की रणजीत त्याने कधी पराभूत संघाची बाजूच पाहिली नाही.

1970-71 मध्ये नियम बदलला. प्रत्येक विभागातून दोन संघ बाद फेरीत. दार रुंद झालं, आणि पहिल्याच वर्षी महाराष्ट्र अंतिम फेरीत पोहोचला! समोर मुंबईच, पण कशी? वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड हे पाचही जण भारतीय संघासोबत वेस्ट इंडिजला. कर्णधार सुधीर नाईक, बाकी बरीचशी नवी पोरं. याहून चांगला मुहूर्त पंचांगात नव्हता. महाराष्ट्र हरला. तेव्हा विभागाच्या रचनेवर खापर फोडणाऱ्या माझ्यासारख्याला त्या सामन्यापाशी गप्प बसावं लागतं.

पंधराव्या विजेतेपदाने कळस केला. 1972-73, चेपॉक, समोर तामिळनाडू. मुंबई 151 आणि 113. एवढ्या धावांवर एरवी कुणीही हरेल. तामिळनाडू 80 आणि 61. पद्माकर शिवलकरने 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 बळी घेतले, आणि तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. हा माणूस कारकिर्दीत 589 बळी घेऊनही भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. मुंबईचं वैभव किती माजोरडं होतं ते कळायला हे एक नाव पुरे.

पुढच्याच वर्षी बंगळूरला उपांत्य सामन्यात प्रसन्नाच्या कर्नाटकाने पहिल्या डावातील आघाडीवर मुंबईला थांबवलं. विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांची शतकं, प्रसन्नाने उडवलेला गावसकर, धावबाद झालेला वाडेकर. मुंबईला तिच्याच औषधाने, पहिल्या डावाच्या आघाडीने, घायाळ केलेलं पाहून पुण्यात कुणी पेढे वाटले की नाही ठाऊक नाही. वाटायला हवे होते.

आमचा दिवस उजाडला तो जानेवारी 2014 मध्ये. उपांत्यपूर्व सामना, वानखेडे. मुंबई दुसऱ्या डावात 129 मध्ये गारद, आणि केदार जाधव व विजय झोल या जोडीने 252 चं लक्ष्य आठ गडी राखून गाठलं. नंतर अंतिम सामन्यात कर्नाटकाने आम्हाला हरवलं, ते अलाहिदा. मुंबईने मार्च 2024 मध्ये 42 वा करंडक उचलला. महाराष्ट्राचा शेवटचा अजूनही 1940-41 चाच आहे.