माथ्यावरच्या शेतकऱ्याचा वाटा



पाणलोटाचं काम माथ्यापासून सुरू करावं, हे आपण रेडिओवर पुष्कळदा ऐकलंत. पण पाणी वाढतं ते खालच्या विहिरीचं. मग माथ्यावर बरड कसणाऱ्यानं आणि शेळ्या राखणाऱ्यानं खपायचं कशासाठी?

आपला जिल्हा बालाघाटच्या पठारावर. वर हलकं माळरान, खाली ओढ्याकाठी काळी जमीन. माळावर समपातळीत दोन फूट रुंद, एक फूट खोल चर खणून त्याची माती उताराच्या अंगाला टाकली, की पळतं पाणी थबकतं आणि मुरुमात जिरतं. (मुरूम काय असतो, हे मुरूमकरांना मी काय सांगावं!) खाली काळा पाषाण लागला की तेच पाणी आडवं सरकत उताराकडे जातं आणि विहिरीत निघतं. म्हणजे चर एकाच्या रानात, पाणी दुसऱ्याच्या मोटारीला.

एका गावी चर झाले, चराई बंद झाली. शेळीवाल्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्याआधी रोपं खाल्ली गेली, बांध फुटले. दोष शेळ्यांना देण्यात अर्थ नव्हता.

युरोपातही डोंगरावर हंगाम आखूड, चढ अवघड, खर्च जास्त. तिथल्या सामायिक बाजारातील देशांनी १९७५ साली नियम केला, की डोंगरी शेतकऱ्याला सरकारनं भरपाई द्यावी. त्यानं निदान पाच वर्षं शेती चालू ठेवावी. तो गाव सोडून गेला तर डोंगर राखणार कोण, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्यातून खणण्याची मजुरी मिळते. पण काम संपलं की मजुरी संपली, आणि चर राखायचा मात्र वर्षानुवर्षं.

म्हणून कुदळ मारण्याआधी ग्रामसभेत बोलणं करून घ्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं चराई बंद केली, पण गवत विळ्यानं कापून नेण्याची मुभा ठेवली. उसावर आणि शेतीसाठीच्या बोअरवर बंधनही घातलं. आपणही बंद माळाचं गवत आधी शेळीवाल्यांना आणि भूमिहीनांना द्यावं. ज्याच्या विहिरीला पाणी चढेल, त्यानं दरसाल उन्हाळ्यात चरातला गाळ काढण्याचा खर्च उचलावा. विहीरवाले कुरकुरतील. तरी ठरावात नावानिशी लिहून घ्या, आणि बैठकीला शेळीवाल्या बायांना पुढं बसवा.

चराची आखणी पाऊस पडण्याआधी करायची असते. ती करून देण्यासाठी सहायक कृषी अधिकाऱ्याला आधी कळवा.