सायकलने घाट चढायचा तर

कळंब्याच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब उरकल्यावर एका ताईंनी विचारलं, "पोरगी मैत्रिणींबरोबर सायकलवरून कोकणात जाते म्हणतीय. गगनबावड्याचा घाट बायकामाणसाला झेपतो का?" बैठकीत दोन तट पडले. निम्म्या म्हणाल्या, "नको बाई!" निम्म्या म्हणाल्या, "जाऊ दे की!" पण घाट चढताना शरीराचं आणि सायकलचं नेमकं काय होतं, हे दोन्हीकडच्यांना सांगता येईना. म्हणून आजचा विषय हाच.

आधी आपला घाट समजून घेऊ. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपण आधीच माळ्यावर राहतो. कळे, असळज करत गगनबावड्यापर्यंतचा पंचावन्नेक किलोमीटरचा रस्ता थोडा वर, थोडा खाली असाच आहे. खरा घाट पुढं. गगनबावड्यावरून दोन वाटा खाली उतरतात, करूळ घाटाने वैभववाडीकडे आणि भुईबावडा घाटाने खारेपाटणकडे. म्हणजे आपल्याकडून जाताना घाट आधी उतरायचा आणि चढायचा तो परतताना, पाय दमलेले असताना. मुंबई-पुण्याच्या मंडळींचं वेगळं, पण आपल्या पोरींनी हे ध्यानात ठेवायला हवं. कोकणात उतरलो म्हणजे सहल जमली असं नाही, परतीची ताकद राखून ठेवावी लागते.

करूळचा चढ साधारण दहा किलोमीटरचा, आणि शंभर मीटर पुढं गेलं की पाच-सहा मीटर वर, असा. आता गंमत बघा. घरातल्या साध्या काळ्या सायकलच्या पुढच्या चक्राला बहुधा ४४ दाते असतात, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलचा एक फेरा मारला की सायकल सव्वापाच-साडेपाच मीटर पुढं पळते. सपाट रस्त्यावर छान! पण घाटात त्याच एका फेऱ्यात तुम्ही स्वतःला, सायकलला आणि पिशवीला मिळून जवळपास एक फूट वर उचलता. गिअरच्या सायकलला पुढं लहान चक्र, मागं मोठं लावता येतं. मग एका फेऱ्यात सायकल दोनेक मीटरच जाते आणि वर उचलणं होतं चारेक इंच. फेरे जास्त मारावे लागतात, पण प्रत्येक फेरा हलका. धान्याचं पोतं एकदम माळ्यावर चढवायचं की पायलीपायलीने, एवढाच फरक. धान्य तेवढंच चढतं, कंबर मात्र शाबूत राहते.

म्हणून घाट चढायला दांडगी ताकद लागते हे अर्धंच खरं. लागते ती लय. चढ दिसला की काहीजणी उभ्या राहून जोर लावतात आणि दुसऱ्या वळणाला बसतात. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करावा. ताण पडल्यावर बदलायला गेलं की चेन उतरते. ताशी सहा किलोमीटरचा वेग पुरे, दीड-पावणेदोन तासांत माथा येतो. शेजारणीशी एक वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, नाही आलं तर कमी करा. वळणाच्या आतल्या कडेला चढ सगळ्यात खडा असतो, तिथं दम राखून जा. आणि उतरून ढकलत नेली म्हणून कोण फाशी देत नाही. घाट चढल्याशी कारण.

पोटाचं बघू. साठ किलोची बाई, पंधरा किलोची सायकल, दहा किलोचं सामान, एवढं वजन सहाशे मीटर वर न्यायला शरीर चारशे-पाचशे कॅलरी जाळतं, म्हणजे तीनेक भाकऱ्या. त्यामुळं उपाशीपोटी घाट नको. भूक लागायची वाटही बघू नका. खिशात शेंगदाणा-गुळाची चिक्की ठेवा आणि अर्ध्या तासाने तुकडा तोंडात टाका. आपल्या गुळाचं नाव जगभर आहे, ते घाटात खरं वाटतं. लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणीही जवळ हवं.

पाण्यावरून एक गोष्ट स्पष्टच बोलतो. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण वाटेत जायची सोय नसते. एसटीत हे खपून जातं. घाटात मात्र डोकं गरगरतं, पायात गोळे येतात. पाणी तोडू नका, थांबे आधी ठरवा. कुठल्या गावात कुणाची ओळख, कुठं स्टँड, हे निघण्याआधी कागदावर हवं. पाळीची तारीखही त्याच कागदावर धरा, लाजायचं काय त्यात?

आणि दम. दम लागला की आपण म्हणतो, वय झालं. पुष्कळदा कारण रक्तात असतं. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू पायांपर्यंत पोचवतं. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना तो होता. पोरीला घाटात पाठवायचं तर आधी आरोग्य केंद्रात रक्त तपासून आणा. आणि तिच्याबरोबर आईनंही हात पुढं करावा.

प्राणवायू किती महत्त्वाचा, ते पुण्याच्या प्रीती म्हस्के यांच्याकडून कळतं. जून २०२२ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांनी लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर अंतर एकटीने ५५ तास १३ मिनिटांत सायकलने कापलं. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. तिकडच्या भाषेत खिंडीला 'ला' म्हणतात. त्या वाटेवरचा टांगलांग ला ५,३०० मीटरहून उंच आहे. तिथं श्वासाला मिळणारा प्राणवायू आपल्याकडच्या जेमतेम निम्मा. वाटेत त्यांना दोनदा प्राणवायू घ्यावा लागला. दोन मुलांची आई असलेल्या या बाईंनी सायकल हाती धरली ती चाळिशीत, आजारपणातून बाहेर पडायला. आपला करूळ त्यापुढं लेकरू आहे. पण हे ऐकून कुणी एकदम लेहला निघू नका! त्यांच्यामागं काही वर्षांचा सराव होता. आपल्या सरावाला पन्हाळा बरा. कोल्हापूरपेक्षा साधारण चारशे मीटर उंच, आणि दुपारपर्यंत घरी.

आता उताराचं. आमच्या मते घाबरायचंच असेल तर चढाला नको, उताराला घाबरा. चढताना माणूस दमतो, उतरताना पडतो. ब्रेक सतत दाबून धरला की रबर आणि रिम तापतात, फार तापलं तर ट्यूब फुटते. म्हणून दाबा-सोडा, दाबा-सोडा. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर हँडलवरून पुढं पडाल, नुसता मागचा दाबला तर चाक घसरतं. दोन्ही हळूहळू दाबा, अंग मागं घ्या. वेग वळणाच्या आधीच कमी करा, वळणात नव्हे. रिम ओली असली की ब्रेक उशिरा लागतो. गगनबावड्याचा पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे. धुकं, रस्त्याच्या कडेचं शेवाळ, दरड. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पावसाळ्यात जाऊच नये. थंडीचे दिवस उत्तम.

ओढणी आणि सलवारीचा घोळ चेनकडच्या बाजूला बांधून घ्या, चेनमध्ये कापड गेलं की सायकल जागेवर अडते. मागं लाल दिवा हवा. बरोबर पंप, जादा ट्यूब, पंक्चरचं सामान आणि ब्रेकची रबरं. पंक्चर काढायला पोरींनी आधी घरीच शिकावं, घाटात दुकान नाही. ब्रेकची रबरं झिजली असतील तर निघायच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी बदला, म्हणजे पन्हाळ्याच्या उतारावर ती कशी लागतात हे बघून घेता येईल.