हाताची पकड आणि कामाचा बंदोबस्त

करी रोड स्थानकाबाहेर पडून ना. म. जोशी मार्गाने चालू लागले, म्हणजे ज्या भूमीवर एके काळी गिरण्यांची धुराडी उभी होती, त्याच भूमीवर पन्नास-साठ मजल्यांच्या इमारती चढताना दिसतात. आणि त्यांच्या उघड्या कडेशी, परांचीच्या फळीवर उभा राहून गिलावा करणारा गवंडी खालून इतका लहान दिसतो की, संध्याकाळी घरी परतण्याची वाट त्याचीही कोणी पाहत असेल, हे क्षणभर ध्यानातच येत नाही.

याच परिसरातील अविघ्न पार्क या उत्तुंग इमारतीस 22 ऑक्टोबर 2021 रोजी आग लागली, तेव्हा एकोणिसाव्या मजल्याच्या सज्जाला लटकलेला एक सुरक्षारक्षक, हातांची पकड सुटताच, सर्वांच्या डोळ्यांदेखत खाली कोसळून मृत्यू पावला. तो प्रसंग बांधकामाचा नव्हता. परंतु मनुष्याच्या हातांना स्वतःच्या देहाचा भार फार वेळ पेलत नाही, आणि म्हणून उंचीवरच्या माणसाचे प्राण त्याच्या पकडीवर वा धैर्यावर सोपवून चालत नाही, हे सत्य त्याने सर्वांपुढे ठेवले. पाच मीटरांवरून पडणारा देह एका सेकंदात ताशी 36 किलोमीटरांचा वेग गाठतो, वीस मीटरांवरून दोन सेकंदांत सुमारे 70. एवढ्या अवधीत सावरणे अशक्य असल्यामुळे जी काही तजवीज करावयाची, ती पाऊल फळीवर पडण्यापूर्वीच करावी लागते.

या तजविजीला एक क्रम आहे. जे काम जमिनीवर उरकता येईल ते वर नेऊच नये. उघड्या कडेला सुमारे मीटरभर उंचीचा कठडा, त्याच्या मध्ये आडवा दांडा आणि अवजारे खालच्या पादचाऱ्यांवर पडू नयेत म्हणून तळाशी पट्टी असावी. लिफ्टची पोकळी झाकलेली असावी. त्यानंतर जाळी, आणि सर्वांत शेवटी कमरेला नव्हे तर खांदे, छाती व मांड्या यांना धरणारा पट्टा. लालबाग-परळच्या वाचकाला हा भेद गोविंदावरून सहज उमगेल: थराभोवती उभारलेले शेकडो हात म्हणजे जाळी, आणि वरच्या गोविंदाला बांधलेला दोर म्हणजे पट्टा. पट्टा बळकट ठिकाणी अडकविण्याची आठवण प्रत्येक वेळी ठेवावी लागते. कठडा आणि जाळी मात्र विसरलेल्या, थकलेल्या माणसालाही वाचवितात. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाखाली बांधलेल्या जाळीने 19 कामगारांचे प्राण वाचविले. परंतु 17 फेब्रुवारी 1937 रोजी कोसळलेल्या अवजड परांचीने तीच जाळी फाडली आणि दहा जण दगावले, यावरून जाळीवर येऊ शकणाऱ्या भाराचा हिशेबही आधीच मांडावा लागतो, हे जगाला कळले. पट्ट्याने अडवलेल्या माणसालाही तत्काळ खाली उतरवावे लागते, कारण अधांतरी लटकत राहिल्यास रक्ताभिसरण खुंटते.

कायद्याची उणीव आपल्याकडे नाही. बांधकाम मजुरांसाठी 1996 साली स्वतंत्र कायदा झाला, पाचशे वा अधिक मजूर असतील तेथे सुरक्षा समिती नेमण्याची तरतूद त्यात झाली, आणि पुढे तो 2020 च्या संहितेत समाविष्ट करण्यात आला. परंतु मालकाकडून कंत्राटदाराकडे, त्याच्याकडून पोटकंत्राटदाराकडे आणि तेथून मुकादमाकडे उतरता उतरता जबाबदारी पायरीगणिक विरळ होते, आणि अपघातानंतर मजुराच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविले जाते. 10 सप्टेंबर 2023 रोजी ठाण्याच्या बाळकुम भागात बांधकामाची लिफ्ट कोसळून सात मजूर मरण पावले; लिफ्टच्या आत उभ्या असलेल्या त्या माणसांनी सावध राहून तरी काय केले असते?

ज्यांचे नाव या रस्त्याला आहे, ते ना. म. जोशी 1919 साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. गिरणी कामगाराच्या पाठीशी त्याची युनियन उभी राहिली. आज नाक्यावरून उचललेल्या, परमुलुखातून आलेल्या बिगाऱ्याच्या पाठीशी बहुधा मुकादमाचा शब्द तेवढा असतो. म्हणून कठडे, जाळ्या आणि पट्टे यांच्या जोडीला आणखी एक बंदोबस्त हवा: ‘फळी हलते आहे, मी चढणार नाही,’ असे त्या बिगाऱ्याला म्हणता यावे, आणि तसे म्हटल्याबद्दल त्याचा त्या दिवसाचा रोज बुडू नये.