वर्षभराच्या खेळाचा पास

मुंबईच्या लोकलचा पास काढणाऱ्याला 'प्रीपेड' म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. तीन महिन्यांचे पैसे आधी भरायचे आणि त्या मुदतीत हव्या तितक्या फेऱ्या करायच्या. पास काढला म्हणून गाडी आपली होत नाही, बसायला जागा मिळेल अशीही हमी नसते. मुदत संपली की पास संपला. हल्ली अनेक घरांत मुलं वडिलांकडे जी एक नवी मागणी करतात, ती समजून घ्यायला हा पास फार उपयोगी पडतो. 'अब्बा, वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेऊन द्या ना,' असं मुलगा म्हणतो आणि वडील विचारात पडतात. यंत्र आणलं, गेम आणला, ब्रॉडबँडचं बिल तर दर महिन्याला भरतोच. मग हे चौथे पैसे कशाचे?

प्रश्न रास्त आहे. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. सोनीचं प्लेस्टेशन आणि मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ही त्यातली आपल्याकडची परिचित नावं. या यंत्रावर एकट्यानं खेळायला किंवा दोघा भावांनी एकाच टीव्हीसमोर बसून खेळायला वर्गणी लागत नाही. ती लागते इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या देशातल्या खेळाडूशी सामना खेळायचा असेल तेव्हा. ब्रॉडबँडवाला आपल्याला रस्त्यापर्यंत आणून सोडतो. मैदानाचं फाटक उघडायचे पैसे कन्सोलची कंपनी वेगळे घेते.

हे फाटक नेहमीच नव्हतं. मायक्रोसॉफ्टनं १५ नोव्हेंबर २००२ रोजी अमेरिकेत 'एक्सबॉक्स लाइव्ह' ही सेवा सुरू केली. ४९.९९ डॉलरला एक खोकं मिळायचं. त्यात वर्षभराची वर्गणी आणि खेळता खेळता बोलण्यासाठी कानाला लावायचा हेडसेट असायचा. सोनीनं मात्र बरीच वर्षं ऑनलाइन सामन्यांसाठी पैसे घेतले नाहीत. २०१० च्या जूनमध्ये 'प्लेस्टेशन प्लस' आलं, तेही केवळ हौशी जोड म्हणून. २०१३ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ४ बाजारात आलं आणि ऑनलाइन खेळण्यासाठी ही वर्गणी बहुतेक गेमना सक्तीची झाली. २०१८ च्या सप्टेंबरात निन्टेन्डोनंही वर्षाला २० डॉलरच्या आसपास शुल्क लावलं. सोळा वर्षांत तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपापल्या फाटकावर तिकीटबारी मांडली.

तरीही सगळ्याच गेमना तिकीट लागत नाही, आणि पैसे वाचवण्याची पहिली जागा इथंच आहे. 'फोर्टनाइट'सारखे जे गेम मुळातच फुकट मिळतात, ते प्लेस्टेशनवर प्लसची वर्गणी न भरता ऑनलाइन खेळता येतात. एक्सबॉक्सनंही एप्रिल २०२१ पासून अशा फुकट गेमवरची अट काढून टाकली. म्हणून मुलाला पहिला प्रश्न 'किती पैसे?' असा न विचारता 'कोणता गेम?' असा विचारावा. तो फक्त फोर्टनाइट खेळत असेल, तर वर्गणीचं कारणच उरत नाही. फुटबॉलचा 'ईए स्पोर्ट्स एफसी' मित्रांशी ऑनलाइन खेळायचा असेल, तर मात्र ती लागेल.

दुसरा प्रश्न दर्जाचा. लोकलला जसा पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग, तसे इथंही वर्ग आहेत. जून २०२२ मध्ये सोनीनं प्लेस्टेशन प्लसचे तीन स्तर केले. भारतात त्यांची नावं एसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डीलक्स. एसेन्शियलमध्ये ऑनलाइन सामने, दर महिन्याला काही गेम आणि खेळाची प्रगती कंपनीच्या सर्व्हरवर जपून ठेवण्याची सोय मिळते. एक्स्ट्रामध्ये यांच्या जोडीला शेकडो गेमचं कपाट उघडतं. डीलक्समध्ये जुने गाजलेले गेम आणि नव्या गेमची चव घेण्याची सोय असते. एक्सबॉक्सची २१ वर्षं चाललेली जुनी वर्गणी सप्टेंबर २०२३ मध्ये 'गेम पास कोअर' झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचं नाव 'गेम पास इसेन्शियल' झालं. तिच्या वर 'प्रीमियम' आणि 'अल्टिमेट' हे दोन वर्ग. मुलाला वर्षभर एकच फुटबॉल खेळायचा असेल, तर शेकडो गेमच्या कपाटाचे पैसे भरून काय उपयोग? सर्वांत खालचा वर्ग त्याला पुरतो.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. घरात कन्सोल एकच आणि खेळणारी भावंडं दोन-तीन असतील, तर प्रत्येकासाठी वेगळी वर्गणी घ्यायची गरज नसते. ज्या खात्यावर वर्गणी आहे, त्या खात्यासाठी ते यंत्र 'घरचं यंत्र' म्हणून ठरवून दिलं, की त्याच यंत्रावर इतरांनाही आपापल्या खात्यातून ऑनलाइन खेळता येतं. प्लेस्टेशन ५ वर या सोयीला 'कन्सोल शेअरिंग' म्हणतात.

आता मुदत. प्लेस्टेशन प्लस एका, तीन किंवा बारा महिन्यांसाठी मिळतं. २०२२ साली भारतात एसेन्शियलचा महिन्याचा दर ४९९ रुपये आणि वर्षाचा २,९९९ रुपये होता. महिन्याचे पैसे बारा वेळा भरले असते तर ५,९८८ झाले असते. म्हणजे वर्षाचा पास जवळपास निम्म्यात पडत होता. आधी पैसे भरण्याचा दुसरा फायदा दरवाढीच्या वेळी दिसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सोनीनं वर्षाचे दर वाढवले. अमेरिकेत एसेन्शियल ५९.९९ डॉलरवरून ७९.९९ डॉलरवर गेलं. ज्यांनी वर्षाचे पैसे आधीच भरले होते, त्यांची मुदत जुन्या दरातच चालू राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत एक्सबॉक्सच्या अल्टिमेटचा महिन्याचा दर १९.९९ डॉलरवरून २९.९९ डॉलर झाला, तेव्हाही ज्यांच्याकडे जुन्या किमतीचे कोड होते ते निर्धास्त होते.

पण स्वस्त म्हणून वर्षाचाच पास घ्यावा, असं नाही. मुदतीचं घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. मुलगा दहावीला असेल, तर जानेवारी ते मार्च यंत्रावर कापड टाकलेलं असणार. ते तीन महिने फुकट जातात. अशा घरानं परीक्षा संपल्यावर तीन महिन्यांची मुदत घ्यावी. कोड विकत घेण्याचा दिवस आणि तो खात्यात भरण्याचा दिवस एकच असावा लागत नाही, हेही लक्षात ठेवावं. कोड कपाटात असेपर्यंत घड्याळ सुरू होत नाही. कोडवर अंतिम तारीख छापलेली नाही ना, एवढं मात्र पाहून घ्यावं.

हा कोड म्हणजे नेमकं काय? दुकानात खिळ्याला टांगलेलं कार्ड हे तोवर नुसतं पुठ्ठ्याचं असतं. गल्ल्यावर स्कॅन करून पैसे भरले की दुकानाचा संगणक कंपनीला कळवतो आणि कार्ड जिवंत होतं. मागचा पट्टा खरवडला की आत अक्षरं आणि आकडे दिसतात. ब्लेडनं खरवडू नये, अक्षरंच निघून जातात. प्लेस्टेशनचा कोड १२ अक्षरांचा, एक्सबॉक्सचा २५ अक्षरांचा. एक्सबॉक्सच्या कोडमध्ये इंग्रजीतले पाचही स्वर नसतात, शून्य आणि एक हे आकडेही नसतात. 'ओ' आणि शून्य, 'आय' आणि एक यांची गफलत होऊ नये म्हणून. आयुष्यभर शब्द जुळवणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून गंमत वाटली. स्वरच नसलेला, कुणाला मोठ्यानं म्हणता न येणारा हा शब्द, आणि दार उघडतो तोच.

कार्डं दोन जातींची असतात. एका कार्डावर मुदत असते: तीन महिने, बारा महिने. दुसऱ्या कार्डावर रक्कम असते. ती खात्याच्या वॉलेटात जमा होते आणि तिच्यातून आपण वर्गणी घ्यायची. घेताना कार्ड कोणत्या जातीचं आहे ते वाचावं. रकमेच्या कार्डानं वर्गणी घेतली की बहुधा 'ऑटो-रिन्यू' आपोआप चालू होतं, म्हणजे मुदत संपताच पुढच्या मुदतीचे पैसे कंपनी स्वतःच कापून घेते. प्रीपेडचा सगळा गुण तो आपोआप संपतो यात आहे आणि नेमका हाच गुण ही एक कळ काढून घेते. म्हणून वर्गणी घेतल्या घेतल्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-रिन्यू बंद करावं. भरलेली मुदत त्यामुळे कमी होत नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप वसुलीला शिस्त लावली. कार्डावर पैसे कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला कळवणं बंधनकारक झालं. पण वॉलेटातली शिल्लक हा घरातल्या डब्यातला पैसा. तो कापला गेला तर बँकेकडून निरोप येत नाही.

आमच्या कोकणात आणि किनारपट्टीवर एक अडचण हमखास येते. चाचा दुबईत, मामू मस्कतमध्ये. ईदला भाच्यासाठी प्रेमानं तिथल्या दुकानातलं कार्ड घेतात आणि कोडचा फोटो पाठवतात. इकडे मुलगा कोड भरतो, तर यंत्र नकार देतं. कारण कोड अमिरातीचा आणि खातं भारताचं. खातं ज्या देशाचं, त्याच देशाचा कोड लागतो. परदेशातल्या नातलगांना आधीच सांगावं: कार्ड नको, पैसे पाठवा.

ईदीचा विषय निघालाच आहे. मुलांनी ईदी एकत्र करून असं कार्ड आणायचं ठरवलं, की घरातली दादी विचारते, 'हे पैसे जुगारात तर जात नाहीत ना रे?' म्हातारीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्यानं बंदी घातली. पण केवळ प्रवेशासाठी वर्गणी घेणाऱ्या खेळांना, ती वर्गणी पैज नसेल तर, वेगळं ठेवलं. म्हणजे दादीला सांगता येईल की वर्गणी हा जुगार नाही. मात्र अर्धं उत्तर देऊन थांबू नये. याच वॉलेटातून गेमच्या आत बंद पाकिटंही विकत घेता येतात. आत कोणता खेळाडू निघेल हे पैसे दिल्यावरच कळतं. बेल्जियमच्या जुगार आयोगानं २०१८ मध्ये अशा विकत घेतलेल्या पाकिटांना जुगारच ठरवलं आणि पुढच्या वर्षी ईए कंपनीला तिथं फुटबॉल गेममधल्या पाकिटांसाठीचे पॉइंट विकणं बंद करावं लागलं. म्हणून वॉलेटात वर्गणीपुरतीच रक्कम भरावी. उरलेले सातशे रुपये मुलाला स्वस्थ बसू देत नाहीत. मुलाचं खातं वयानुसार बालखातं म्हणून उघडलं, तर खर्चाची मर्यादा पालकांच्या हातात राहते.

कोड म्हणजे रोख पैसा. ज्याच्या नजरेस पडला त्याचा झाला. त्यामुळे त्याचा फोटो कुणालाही पाठवू नये. निम्म्या किमतीत कोड देणाऱ्या अनोळखी विक्रेत्याकडून घेऊ नये. चोरीच्या कार्डावर घेतलेले कोड मागाहून रद्द होतात. आणि फोनवरून कुणी 'दंड भरायचा आहे, गिफ्ट कार्ड घ्या आणि नंबर सांगा' म्हणाला, तर तो अधिकारी नाही, भामटा आहे. कोणतंही सरकारी कार्यालय गिफ्ट कार्डानं पैसे घेत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

इतकं सगळं करून हाती काय येतं, हे मुलाला आधीच सांगितलेलं बरं. वर्गणीत मिळालेले गेम वर्गणी असेपर्यंतच चालतात. ती संपली की त्यांना कुलूप लागतं. कपाटातले गेम तर अधूनमधून बदलतही राहतात. विकत घेतलेली डिस्क मात्र आपली राहते. सेवा स्वतःही अढळ नसते. २० एप्रिल २०११ रोजी सोनीनं हल्ल्यामुळे आपलं नेटवर्क बंद केलं. सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ फाटक बंद होतं. पहिल्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा तर १५ एप्रिल २०१० रोजी कायमची थांबली. त्या यंत्रावरचे सामने ज्यांना प्रिय होते, त्यांना पैसे असूनही तिथं परत जाता आलं नाही.

तेव्हा घ्यायचं असेल तर जरूर घ्यावं. दूर नोकरीला गेलेला मोठा भाऊ आणि घरातला धाकटा रविवारी संध्याकाळी एकाच मैदानात भेटत असतील, तर ही वर्गणी महाग नाही. फक्त मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलाच्याच हातानं लिहून घ्यावी. आणि ती तारीख आली की लगेच नवा कोड आणू नये, आठ दिवस थांबावं. यंत्रावर साठवलेली खेळाची प्रगती त्या आठ दिवसांत कुठं जात नाही. मुलाला खरंच खेळ हवा होता की नुसती सवय झाली होती, हे तेवढ्यात घरातल्या सगळ्यांना कळतं, आणि पुढचा पास किती महिन्यांचा घ्यायचा तेही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)