शिशाची फौज, हिवाळ्याचं टेबल

इंग्लंडमध्ये लघुसैनिक रंगवणाऱ्यांचा हिवाळा ऑक्टोबरातल्या एखाद्या कोरड्या दुपारी सुरू होतो. परसात पुठ्ठ्याच्या खोक्याचा आडोसा करायचा, लाकडी पट्ट्यांवर चिकटवलेले अठ्ठावीस मिलिमीटरचे शिपाई त्यात रांगेने उभे करायचे आणि फवाऱ्याच्या डब्याने त्यांना अस्तराचा काळा किंवा पांढरा हात द्यायचा. हे काम पुढे ढकलून चालत नाही. नोव्हेंबरात हवा गारठते, ओलसर होते. मग फवाऱ्यातला रंग अंगावर सपाट बसत नाही, पूड साचावी तसा खरखरीत दिसतो आणि नाक, डोळे, कोटाची बटणं त्याखाली बुजून जातात. वार्निशचंही तेच. दमट हवेत ते दुधट होतं आणि कित्येक संध्याकाळच्या कामावर पांढरट झाक कायमची राहते. म्हणून जाणकार मंडळी थंडी पडायच्या आत सगळ्या हिवाळ्याची फौज अस्तर देऊन घरात घेतात. कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोटी भरतात, तशी ही त्यांची आगोटी.

या छंदाला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. मोठ्या टेबलावर टेकड्या, नद्या, गावं मांडायची, दोन बाजूंनी छोट्या सैनिकांच्या फौजा उभ्या करायच्या, फासे टाकून आणि टेपने अंतर मोजून लढाई खेळायची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की या सगळ्याचा प्राण त्या लढाईत आहे. मला तसं वाटत नाही. लढाई एका संध्याकाळी संपते. ती लढणारी पलटण रंगवायला एक हिवाळा जातो. कुठल्याही शौकिनाच्या आयुष्यातले तास मोजले, तर खेळाच्या टेबलापेक्षा रंगाच्या टेबलाशी तो कितीतरी जास्त बसलेला असतो. छंदाचं घर म्हणायचं तर तेच.

हिवाळा या खेळाला जन्मापासूनच चिकटलेला आहे. १८८१-८२च्या थंडीत रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन क्षयाच्या उपचारासाठी स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला राहत होता. ‘ट्रेझर आयलंड’ त्याने तिथेच पूर्ण केली. त्याच दिवसांत तो आपल्या तेरा वर्षांच्या सावत्र मुलाबरोबर माळ्यावर शिशाच्या सैनिकांची युद्धं खेळत असे. त्या मुलाने, लॉइड ऑस्बर्नने, पुढे १८९८ मध्ये एका मासिकात त्याचं वर्णन लिहिलं. माळा बुटका, अंधारा आणि कडाक्याचा गार. मेणबत्तीशिवाय दिसायचं नाही. जमिनीवर खडूने नकाशा आखलेला, त्यावर रस्ते, नद्या, पूल. आजारी लेखक त्या जमिनीवर पोटावर पडून रसदीचे आणि कूचाचे हिशेब मांडत असे. इतिहासात नोंदवलेल्या अशा जागांपैकी ही मला सगळ्यात प्रिय आहे, कारण पुढे शंभर वर्षं शौकिनांच्या वाट्याला येणारी जागा नेमकी अशीच होती: घरात कुणाला नको असलेली.

१९१३ मध्ये एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळाला नियम दिले. त्याच्याकडे ब्रिटन्स कंपनीचे पोकळ ओतीव शिपाई होते आणि लाकडी गोळा उडवणारी स्प्रिंगची तोफ होती. पण वेल्सला रंगाचं टेबल लागलंच नाही. ब्रिटन्सचे शिपाई कारखान्यातून रंगवूनच येत. शिपाई नागडे, बिनरंगाचे मिळू लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. कॅलिफोर्नियात जॅक स्क्रबी धातूचे शिपाई ओतून विकू लागला. इंग्लंडात एअरफिक्सने १९५९ पासून प्लास्टिकच्या बारक्या सैनिकांची खोकी काढली. ती पोरांच्या खिशाला परवडत. १९६२ मध्ये साउदॅम्प्टनच्या डोनाल्ड फेदरस्टोनचं ‘वॉर गेम्स’ आलं. हा गृहस्थ पेशाने फिजिओथेरपिस्ट, पण एका पिढीला हा खेळ त्याने शिकवला. रंगवण्याचं काम आता विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडलं होतं, आणि माझ्या मते छंद खरा वयात आला तो तिथे. एअरफिक्सचं मऊ प्लास्टिक रंग धरत नसे. शिपाई साबणाच्या पाण्यात धुवायचे, पांढऱ्या गोंदाचा पातळ थर द्यायचा, मग रंग. एवढं करूनही संगिनीच्या टोकाचा रंग उडायचाच.

आज या धंद्याची राजधानी नॉटिंगहॅम आहे. १९७५ मध्ये लंडनात तीन मित्रांनी सुरू केलेली गेम्स वर्कशॉप, तिच्याशी जोडलेला न्यूअर्कचा सिटाडेल हा ओतकामाचा कारखाना, १९८३ चा ‘वॉरहॅमर’ हा खेळ, १९८७ चा ‘वॉरहॅमर ४०,०००’ असा तो प्रवास आहे. २०२४ च्या डिसेंबरात ही कंपनी लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभरांत गेली. तिच्यातून बाहेर पडलेल्या कारागिरांनी नॉटिंगहॅमच्या परिसरात आपापली दुकानं थाटली. वॉरलॉर्ड, मँटिक, पेरी ही नावं इथलीच.

पेरी हे जुळे भाऊ, मायकल आणि ॲलन. शिसपेन्सिलीतल्या शिशाच्या जाडीचे हात, तांदळाएवढं डोकं, त्यावर शिवणीसकट टोपी असं मूळ शिल्प दोन रंगांची पुटी मळून, सुईसारख्या हत्यारांनी घडवायचं. मग रबराच्या गोल साच्यात त्याचे ठसे घ्यायचे. साचा गरगर फिरवत मध्यभागातून वितळलेला मिश्रधातू ओतला की तो फिरण्याच्या जोराने कडेपर्यंत धावतो आणि एका फेरीत डझनभर शिपाई निघतात. पूर्वी त्यात शिसं असे, आता बहुतेक ठिकाणी कथिलाचं बिनशिशाचं मिश्रण वापरतात. शिवाय कडक प्लास्टिकच्या जाळीतले आणि घरच्या घरी रेझिनमध्ये छापलेले शिपाईही आले आहेत. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये एका मध्ययुगीन लढाईचा देखावा सादर करताना तोफेच्या अपघातात मायकल पेरींचा उजवा हात गेला. ते डाव्या हाताने शिल्प घडवायला शिकले आणि आजही तेच काम करतात. त्यांचे शिपाई रंगवायला घेतले की कोटाच्या घड्या बोटांना जाणवतात. त्या घड्या कुठल्या हाताने आल्या हे माहीत असल्यावर रंग जाड लावायचं धाडस होत नाही.

आता टेबलाकडे येऊ. फार थोड्यांकडे स्वतंत्र खोली असते. कुणी जिन्याखालच्या कपाटात फळी ठोकतो, कुणी माळ्यावर बसतो, कुणी बागेतल्या शेडमध्ये हीटर लावतो. पण बहुतेकांचं टेबल म्हणजे जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा आणि उचलून ठेवता येईल असा ट्रे. मला हा ट्रेच खरा वाटतो. त्याच्यावर सगळं हाताशी असतं, आणि पाहुणे आले की मोहीम उचलून कपाटावर ठेवता येते.

पहिला प्रश्न उजेडाचा. डिसेंबरात नॉटिंगहॅमला चारच्या आत सूर्य मावळतो. कामावरून घरी येईपर्यंत काळोख झालेला असतो. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली निळा मळकट दिसतो, पांढरा आणि साय-रंग यांतला फरक कळत नाही. सकाळी खिडकीशी नेऊन पाहिलं की नेपोलियनची पलटण भलत्याच रंगात सापडते. म्हणून दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा, आणि शक्य तर दोन, डावी-उजवीकडून, म्हणजे हाताची सावली चेहऱ्यावर पडत नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांच्या कपाळावर भिंगाचा चष्मा असतो.

दुसरा प्रश्न रंग वाळण्याचा. बाहेर दमट थंडी, आत हीटरने सुकवलेली हवा. ॲक्रिलिक रंगाचा बारीक थेंब त्या हवेत ब्रशच्या टोकावरच वाळतो. यावर उपाय साधा आणि सुंदर आहे: उथळ डबा, त्यात ओला स्पंज, वर बेकिंगचा कागद. पाणी कागदातून हळूहळू झिरपत राहतं आणि रंग तासन्‌तास ओला राहतो. झाकण लावलं तर दुसऱ्या संध्याकाळी तोच मिसळलेला रंग पुन्हा हाती येतो. रोज फक्त तासभर मिळणाऱ्या माणसाला याचं मोल फार आहे.

ब्रशच्या बाबतीत शौकीन हट्टी असतात. विन्सर अँड न्यूटनचा ‘सिरीज ७’ हा ब्रश १८६६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हुकुमावरून जलरंगासाठी तयार झाला. त्याचे केस सायबेरियातल्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या शेपटीचे. जाड पोट रंग धरतं आणि टोक सुईसारखं राहतं, म्हणून डोळ्याची बाहुली एका स्पर्शात उमटते. नवख्यांना वाटतं की बारीक कामाला सगळ्यात बारीक ब्रश हवा. पण अतिबारीक ब्रशवरचा रंग सैनिकापर्यंत पोचायच्या आत वाळतो. टोक चांगलं असलेला जरा मोठाच ब्रश बरा.

इतक्या लहान आकृतीवर खरा उजेड पुरेशी सावली पाडत नाही. कोट नुसता निळा रंगवला तर हातभरावरून तो निळा ठिपका दिसतो. म्हणून सावली आणि उजेड दोन्ही रंगानेच घालावे लागतात: घडीच्या खोबणीत गडद निळा, मधल्या भागावर मूळ निळा, उंचवट्यावर फिका. वर पातळ काळपट वॉश सोडला तर तो खाचांत आपोआप उतरतो. २०१९ मध्ये सिटाडेलने ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचे रंग काढले. ते पांढऱ्या अस्तरावर एकाच हातात सावली आणि उजेड दोन्ही देतात, आणि पुष्कळांच्या अडून पडलेल्या फौजा त्यामुळे पुऱ्या झाल्या. मी त्यांच्या विरोधात नाही. पण तीन छटांनी हाताने चढवलेल्या कोटाशेजारी तो कोट ठेवून पाहावा. रंगवणाऱ्याने कुठे थांबून विचार केला, ते हातच्या कोटावर दिसतं.

हिवाळ्याचा बेत म्हणजे मुळात अंकगणित. साध्या, नेटक्या कामाला पायदळाच्या एका शिपायामागे तासभर धरा. आठवड्याला पाच तास मिळाले तर नोव्हेंबर ते मार्च या साधारण वीस आठवड्यांत शंभर तास, म्हणजे शंभर शिपाई. घोडेस्वार धरले तर कमीच. या हिशेबासमोर कपाटातली बिनरंगाची खोकी ठेवली की निवड करणं भाग पडतं. अनुभवी माणूस दहा-दहा शिपायांची तुकडी करतो, आतून बाहेर जातो: आधी चेहरे, मग कोट, मग पांढरे पट्टे, शेवटी बंदुकीचं लाकूड आणि पितळ. एक रंग उघडला की दहाही जणांना लावायचा. काही मंडळांत डिसेंबरातल्या अयनापासून वसंतापर्यंत रंगवण्याची, गुणांची स्पर्धा चालते. आणि शेवटची तारीख पंचांगाइतकी पक्की असते: लंडनचं ‘सॅल्यूट’ हे प्रदर्शन, साउथ लंडन वॉरलॉर्ड्स मंडळाने १९७२ मध्ये सुरू केलेलं, सहसा एप्रिलात भरतं. तिथे टेबल मांडायचं तर मार्चअखेर वार्निश सुकलेलं हवं.

या हिवाळी बेतांत आपली एक लढाईही येते. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यातलं असई. एकीकडे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी, त्यांचा सेनानी हॅनोव्हरचा पोलमन, आणि बेगम समरूच्याही पलटणी. वेलिंग्टनच्या चाहत्यांमुळे ती इंग्लंडात रंगवली जाते आणि मराठी फौजेचे लघुसैनिकही बाजारात आहेत. पीटर गिल्डरच्या ‘इन द ग्रँड मॅनर’ नियमांप्रमाणे एका शिपायाने वीस माणसं दाखवायची ठरवली, तर शिंद्यांच्या दहा हजारांवरच्या कवायती पायदळालाच पाचशेहून अधिक शिपाई लागतील. वरच्या हिशेबाने पाच हिवाळे. म्हणून पुष्कळ जण सहा मिलिमीटरचे शिपाई घेतात, किंवा मैदानाचा एकच तुकडा निवडतात.

मला विचाराल तर तोफा निवडाव्यात. वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं पडली किंवा जखमी झाली, ती मुख्यतः मराठी तोफखान्यामुळे. ७४वी हायलँड पलटण जवळजवळ संपली. ब्रिटिश रांग तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून पुन्हा मारा सुरू केला. निदान या गोलंदाजांना स्वतःचे चेहरे मिळायला हवेत. पण इथे रंगवणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. नेपोलियनच्या पलटणींची बटणं सोनेरी की रुपेरी, हे ऑस्प्रेच्या सचित्र पुस्तकांत पानापानावर मिळतं. शिंद्यांच्या गोलंदाजाविषयी तितकी बारीक माहिती मिळत नाही. एकाने निवडलेला रंग दुसरा उचलतो आणि तोच प्रमाण होऊन बसतो.

निदान पायाखालची जमीन तरी बरोबर रंगवता येते, आणि तिथे मराठी वाचकाचा शब्द उपयोगी आहे. हिंदुस्थान म्हटलं की परदेशी टेबलांवर शिपायाच्या तळाला पिवळी वाळू लावायची सवय आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात सप्टेंबरअखेर पिवळं काही नसतं. पावसाळा सरत आलेला, माती काळी, ओली, पायाला चिकटणारी, वर हिरवं गवत. गडद काळपट तपकिरी रंगाचा हात द्यावा, उंचवट्यावर अगदी हलका राखाडी कोरडा ब्रश फिरवावा, गवत दाट लावावं, आणि गोलंदाजांच्या पायांवर घोट्यापर्यंत तोच चिखल चढवावा.