भिंतींची रंगकामपूर्व तयारी

भिंतींची रंगकामपूर्व तयारी : खोलीच्या भिंती व छत यांना रंग देण्यापूर्वी त्यांचा पृष्ठभाग कोरडा, स्वच्छ, घट्ट व समतल करण्याच्या क्रियांना रंगकामाची पूर्वतयारी म्हणतात. वाळलेल्या रंगाचा थर बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही जाड नसतो. त्यामुळे खालच्या पृष्ठभागाचा दोष तो झाकू शकत नाही. पोपडे, फोड व डाग हे रंगाचे दोष मानले जातात. पण त्यांपैकी पुष्कळांचे मूळ भिंतीतच असते आणि अधिक महाग रंग वापरल्याने ते नाहीसे होत नाहीत.

सर्वांत उपद्रवी दोष म्हणजे ओल. गळकी नळवाहिनी, गच्चीतील भेगा, पायातून केशाकर्षणाने वर चढणारे पाणी किंवा बाहेरच्या गिलाव्यातून झिरपणारा पाऊस ही तिची नेहमीची कारणे आहेत. पाण्याबरोबर विटा व गिलावा यांतील विद्राव्य लवणे पृष्ठभागाकडे येतात आणि पाणी उडून गेल्यावर पांढऱ्या भुकटीच्या रूपात तेथे साचतात. यालाच लोणा म्हणतात. तो पाण्याने धुऊ नये, कारण लवणे विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. कोरड्या कुंचल्याने झाडून काढावा. बुरशीही अशाच जागी वाढते. जंतुनाशक विद्रावाने ती पुसली, तरी ओल टिकून असल्यास थोड्याच दिवसांत परत येते. महाराष्ट्रात दसरा-दिवाळीपूर्वी घर रंगविण्याची रूढी आहे. कोकणासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात मात्र नेमक्या त्याच सुमारास भिंती पाण्याने भरलेल्या असतात, विशेषतः नैर्ऋत्य मोसमी पाऊस झेलणाऱ्या पश्चिमेकडील भिंती. तांत्रिक दृष्ट्या तेथे हिवाळ्याचा उत्तरार्ध किंवा उन्हाळा अधिक सोयीचा. शंका असल्यास सुमारे ४५ सेंमी. चौरस प्लॅस्टिकचा तुकडा कडांनी भिंतीला घट्ट चिकटवून एक दिवस-रात्र ठेवतात. त्याच्या आतील बाजूस थेंब जमले किंवा त्याखालील भिंत काळसर झाली, तर काम पुढे ढकलावे.

नव्या गिलाव्याचा प्रश्न निराळा असतो. चुना व सिमेंट यांच्यामुळे ताजा गिलावा तीव्र क्षारधर्मी असतो (चुन्याच्या संपृक्त विद्रावाचे पीएच मूल्य १२ हून अधिक असते). तैलरंगातील तेलाशी या क्षाराची विक्रिया होऊन साबण तयार होतो व रंगाचा थर मऊ, चिकट होऊन सुटतो. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे ही क्षारता हळूहळू कमी होते. म्हणून नव्या गिलाव्यावर तैलरंग देण्यापूर्वी काही महिने जाऊ देणे इष्ट असते. तोवर घर ओकेबोके दिसू नये म्हणून चुन्याची सफेती करता येते. मात्र पुढे ती पूर्णपणे खरवडून काढावी लागते.

जुन्या भिंतीवर तळहात घासून पाहावा. पांढरी पूड हाताला लागल्यास सफेतीचे किंवा साध्या डिस्टेंपरचे थर पोलादी पट्टीने खरवडून भिंत धुतात. घट्ट बसलेला रंग काढण्याची जरुरी नसते. काचकागदाने त्याची चकाकी घालवली की पुरते. स्वयंपाकघरातील तेलकट धूर आधी साबणाच्या पाण्याने काढतात, अन्यथा काचकागदाने तो अधिकच पसरतो.

खरवडकामातील एका धोक्याकडे भारतात दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. जुन्या तैलरंगांत, विशेषतः दारे-खिडक्यांच्या रंगांत, शिशाची संयुगे असण्याचा संभव असतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरविली. परंतु त्याआधीचे थर अद्याप असंख्य घरांत आहेत. कोरड्या घासकामातून उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते आणि रोज हेच काम करणाऱ्या कारागिराच्या शरीरात ती साचत जाते. असा रंग जाळून काढू नये. पृष्ठभाग ओला ठेवून घासावा, योग्य श्वसनपट्टी वापरावी, मुले व गर्भवती स्त्रिया यांना दूर ठेवावे आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावी. नाकाला बांधलेला साधा रुमाल सूक्ष्म धूळ अडवीत नाही.

यानंतर भेगा बुजवितात. केसासारखी भेग पट्टीच्या टोकाने थोडी रुंद करून, धूळ काढून व किंचित ओलावून मगच भरतात. नुसती वरून लिंपलेली भेग पुन्हा दिसू लागते. प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओल सोसत नाही, तेथे सिमेंटयुक्त मिश्रण घ्यावे. अस्तराच्या (प्रायमरच्या) एका हातानंतर लांबीचे पातळ थर देतात. एकच जाड थर तडकतो. लांबी वाळल्यावर बारीक काचकागदाने घासतात. त्या वेळी भिंतीलगत दिवा धरून तिरप्या प्रकाशात पाहिल्यास समोरून न दिसणारे उंचवटे स्पष्ट होतात. शेवटी धूळ पुसून अस्तराचा आणखी एक हात देतात. धूळ राहिल्यास अस्तर भिंतीला न चिकटता धुळीलाच चिकटते.

सामान हलविणे, जमीन झाकणे, वीज बंद करून बटनांच्या पट्ट्या सैल करणे ही कामे अर्थातच आरंभी उरकतात. छताचे काम भिंतींच्या आधी करतात.